शब्दपटखेळांचे नोंदस्वरूप

शब्दपटखेळातील डाव संगणकाला वाचता यावा व जसाच्या तसा पुन्हा मांडता यावा, म्हणून तो साध्या मजकुराच्या फाइलीत ठरावीक रीतीने नोंदविण्याची पद्धती. अशाच हेतूने बुद्धिबळासाठी (पहा : बुद्धिबळ) स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये मांडलेले पीजीएन स्वरूप रूढ असून, त्यामुळे बुद्धिबळाचे डाव कोठेही एकाच रीतीने वाचता येतात. स्क्रॅबल (पहा : स्क्रॅबल) या १५ × १५ घरांच्या खेळात जीसीजी हे स्वरूप वापरतात, त्यात प्रत्येक चालीची एक ओळ असून तीत खेळाडू, हातातील अक्षरठोकळे, स्थान, शब्द, चालीचे गुण व एकूण गुण या क्रमाने येतात. स्थानात ओळीचा अंक आधी असल्यास (‘८डी’) शब्द आडवा आणि स्तंभाचे अक्षर आधी असल्यास (‘डी८’) तो उभा समजतात. कोरा ठोकळा (कोणत्याही अक्षराऐवजी वापरता येणारा) जीसीजीत रोमन लिपीतील लहान अक्षराने दाखवितात; ही सोय देवनागरीत नाही, कारण तीत लहान-मोठी अक्षरे नसतात. शिवाय ‘क्ष’ हे अक्षर युनिकोडमध्ये (पहा : युनिकोड) क, हलन्तचिन्ह व ष अशा तीन संकेतांकांनी बनत असल्याने ठोकळा व संकेतांक यांचा एकास एक मेळ बसत नाही. त्यामुळे मराठी खेळाच्या नोंदीत ठोकळ्यांमध्ये विभाजकचिन्ह आणि कोऱ्या ठोकळ्यासाठी वेगळी खूण ठेवावी लागते.