खाचेच्या दोन भिंती

घरी संगीत ऐकायला दोन स्पीकर पुरेत की पाच हवेत, हा वाद शौकिनांत हिरिरीने चालतो. दोनवाल्यांचे म्हणणे ठरलेले असते : माणसाला कानही दोनच. परंतु सभागृहात याच दोन कानांवर भिंतींवरून, छतावरून, चहूकडून नाद येऊन पडतो. तेव्हा ‘दोन’ हा आकडा कानांनी ठरवलेला नाही. मग तो आला कुठून?

२७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यांच्या चमूने तो नाद तारांवरून पाठवला होता. त्याचे चॅनेल होते तीन : डावा, मधला, उजवा. वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या खटक्यांपाशी स्वतः स्टोकोव्स्की बसले होते. म्हणजे प्रेक्षागृहाचा विचार करणाऱ्यांनी सुरुवातच तिनापासून केली होती.

दोनाचा मार्ग इंग्लंडमधून निघाला. ईएमआयच्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. एकाच खाचेत दोन चॅनेल कोरण्याची कल्पना त्यात होती. पुढे १९५७-५८मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या याच तत्त्वावर. खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या. एकीवर डावा चॅनेल, दुसरीवर उजवा. तिसरी भिंत खाचेला नव्हती. म्हणूनच त्या काळात आरसीए आणि मर्क्युरी यांनी तीन ट्रॅकवर केलेली कितीतरी ध्वनिमुद्रणे तबकडीवर येताना दोनांत मिसळली गेली. त्यांतला मधला ट्रॅक घरोघरी स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागला तो २००४च्या सुमारास, एसएसीडीवर.

‘लोकांनी जादा चॅनेल नाकारले’ याचा पुरावा म्हणून १९७०च्या दशकातल्या क्वाड्रोफोनीकडे बोट दाखवले जाते. मला तो पुरावा लंगडा वाटतो. एसक्यू आणि क्यूएस पद्धतींत चार चॅनेल दोनांत कालवून पुन्हा वेगळे करावे लागत; ते पुरते वेगळे होत नसत. सीडी-४ पद्धतीत पुढच्या-मागच्या चॅनेलांमधल्या फरकाचे संकेत ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवलेले. ते वाचायला खास घडणीची सुई लागे. एका पद्धतीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडत नसे. फसली ती दोन भिंतींत चौघांना कोंबण्याची खटपट.

या सगळ्यात गमावले काय? दोन स्पीकरांच्या मधोमध ऐकू येणारा गायक हा भास असतो. तो बरोबर मध्यावर बसलेल्यालाच नीट दिसतो, कारण त्याच्याकडे दोन्ही आवाज एकाच क्षणी पोचतात. हातभर डावीकडे सरका; डावा आवाज आधी पोचतो आणि गायकही डावीकडे सरकतो. थोडक्यात, स्टिरिओची उत्तम जागा एकच. मधला स्पीकर असला की कोपऱ्यातल्यालाही गायक समोरच सापडतो.

दोन चॅनेलसाठीच घडवलेले ध्वनिमुद्रण दोन स्पीकरांवरच ऐकावे; पाचांत ताणून त्याचे भले होत नाही. आपल्या जुन्या गवयांच्या मोनो तबकड्यांना तर एकच चांगला स्पीकर न्याय देतो. पण ज्या घरात गाणे चौघांनी बसून, एकमेकांकडे पाहत दाद देत ऐकायचे असते, तिथे ‘कान दोनच’ हे उत्तर अपुरे आहे. तिथे आधी माणसे मोजावीत, मग स्पीकर.