तळटीप : एमी हंटर

१. मूळ लेखात ‘बेलफास्टची शाळकरी पोर’ असा जो मोघम निर्देश आला आहे, तो एमी हंटर (जन्म ११ ऑक्टोबर २००५) हिचा होय. बेलफास्ट ज्यात येते तो उत्तर आयर्लंड राजकीयदृष्ट्या युनायटेड किंग्डमचा भाग असला, तरी क्रिकेटमध्ये अखिल बेटाचा संघ एकच असल्यामुळे ती आयर्लंडकडून खेळते. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे वयाची सोळा वर्षे पुरी झाली नेमक्या त्याच दिवशी, हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध आपल्या चौथ्याच एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद १२१ धावा केल्या; आणि स्त्रीपुरुष उभयतांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांच्या दप्तरी सर्वांत लहान वयात शतक केल्याची जी नोंद बावीस वर्षे भारताच्या मिताली राज हिच्या नावे कायम होती, ती या मुलीच्या नावे दाखल झाली. येथे एक योगायोग वाचकांच्या नजरेस आणणे अगत्याचे वाटते : १९९९ साली मिल्टन कीन्स येथे १६ वर्षे २०५ दिवसांच्या मितालीने पदार्पणातच झळकाविलेले ते नाबाद ११४ धावांचे शतक आयर्लंडच्याच गोलंदाजीवर होते, त्यामुळे त्या खेळीनंतर सहा वर्षांनी जन्मलेल्या या आयरिश कन्येने जणू आपल्या संघाच्या खात्यावरील जुने येणे सव्याज वसूल केले. पुढे संघाची यष्टिरक्षक मेरी वॉल्ड्रन निवृत्त झाल्यावर यष्टिरक्षणाचा भारही एमीकडे आला. — संपादक