मुखवटा, लिपस्टिक आणि उघडा चेहरा



मेकअप केला की आत्मविश्वास येतो, असं एक पक्ष म्हणतो. मेकअपशिवाय चारचौघांत वावरता येणं हाच खरा आत्मविश्वास, असं दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद तुमच्या घरातही झाला असेल. आई आणि मुलगी, सासू आणि सून, कधी दोन मैत्रिणी. आज हा वाद आपण युद्धाच्या इतिहासात नेऊन तपासणार आहोत.

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसानं या विषयात नाक का खुपसावं, असा प्रश्न कुणाला पडेल. त्याची कारणं दोन. एक म्हणजे आम्हीही तोंडाला रंग फासतो. रात्री गस्तीवर जाताना कॅमफ्लाज क्रीमचे काळे-हिरवे पट्टे कपाळ, गाल, नाक यांवर ओढले की माणसाचा चेहरा नाहीसा होतो. ओळख पुसण्यासाठी रंग कसा वापरतात, हे आम्हाला ठाऊक असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. चेहरा गेला की माणसाचं काय होतं आणि तो झाकला की काय होतं, याचे सगळ्यात कठोर अनुभव लष्करी रुग्णालयांत जमा झालेले आहेत.

सुरुवात पुण्यापासून करू. आपल्या भाषेत अब्रू चेहऱ्यावरच राहते. नाक कापलं जातं, तोंड दाखवायला जागा उरत नाही, माणूस तोंड लपवतो. हे वाक्प्रचार नुसते अलंकारिक नाहीत. नाक कापणं ही आपल्याकडे खरोखरची शिक्षा होती. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यात १७९० ते १७९२ या काळात युद्ध झालं. त्यात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. इंग्रजी नोंदीत त्याचं नाव 'कोवासजी' असं आलं आहे. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. मारलं नाही, हे लक्षात घ्या. जिवंत राहून त्यानं तो चेहरा घेऊन फिरावं, यातच शिक्षा होती.

सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो साचा कपाळावर सपाट पसरून त्याची कड आखली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मधला देठ मात्र तसाच ठेवला, कारण रक्तपुरवठा तिथून येतो. मग ती कातडी वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. जखमेवर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या. होय, पानाला लावतो तोच कात. कंपनीच्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचं वर्णन चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी खाली आणण्याची ही रीत आजही नाकाच्या शस्त्रक्रियेत वापरली जाते.

पुण्याच्या त्या वैद्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण चेहरा परत मिळाला तर माणूस परत माणसांत येतो, हे त्याच्या समाजाला आधीपासून माहीत होतं.

आता सव्वाशे वर्षं पुढे, पहिल्या महायुद्धात येऊ. खंदकाच्या लढाईत धड जमिनीखाली असतं आणि डोकं वर काढावं लागतं. त्यामुळे तोफगोळ्याचे तुकडे आणि गोळ्या नेमक्या तोंडावर बसत. जबडा उडालेले, नाक गेलेले, डोळा आणि गाल एकत्र गेलेले जवान हजारोंनी परत येऊ लागले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले सर्जन हॅरल्ड गिलीज यांनी आधी ऑल्डरशॉटला आणि १९१७ पासून सिडकप इथल्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये अशा जवानांवर उपचार केले. तिथे पाच हजारांहून अधिक जवानांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा पाया तिथे घातला गेला.

त्या रुग्णालयातल्या दोन गोष्टी सांगतो. वॉर्डात आरसे ठेवायला बंदी होती. आणि रुग्णालयातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाकं निळ्या रंगानं रंगवलेली होती. निळ्या बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून धक्का बसू शकतो, अशी ती गावकऱ्यांसाठी सूचना होती. म्हणजे जवानानं स्वतःला पाहायचं नाही आणि गावानंही त्याला पाहायचं नाही. हेतू दयेचाच होता. पण ज्या जवानाला त्या बाकाचा अर्थ कळला असेल, त्याला काय वाटलं असेल?

शस्त्रक्रियेनंही ज्यांचं भागत नव्हतं, त्यांच्यासाठी मुखवटे आले. फ्रान्सिस डरवेंट वुड हे लंडनचे शिल्पकार वयामुळे आघाडीवर जाऊ शकत नव्हते, म्हणून ते लष्करी वैद्यकीय दलात शिरले. वाँड्सवर्थच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी मुखवट्यांचा विभाग काढला. जवान त्याला 'पत्र्याच्या नाकांचं दुकान' म्हणत. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन अ‍ॅना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकर्तीनं १९१७ च्या अखेरीस पॅरिसमध्ये रेड क्रॉसच्या मदतीनं तसाच स्टुडिओ उघडला.

काम फार बारकाईचं होतं. जवानाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, जखमी होण्याआधीचा फोटो समोर ठेवून मूळ चेहरा घडवायचा आणि त्यावरून तांब्याचा जेमतेम व्हिजिटिंग कार्डाइतका जाड पत्रा तयार करायचा. मग जवानाच्या तोंडावर तो मुखवटा असतानाच त्याच्या कातडीशी जुळणारा रंग द्यायचा. ऊन आणि ढगाळ हवा यांच्या मधली छटा निवडायची, दाढी केलेल्या गालावरची निळसर झाकसुद्धा आणायची. भुवया आणि मिशा बऱ्याचदा खऱ्या केसांच्या असत. मुखवटा बहुधा चष्म्याच्या दांड्यांवर अडकवलेला असे. मेकअपचा इतका पराकोटीचा प्रकार दुसरा सापडणं कठीण आहे.

त्याचा उपयोग झाला का? झाला. या मुखवट्यामुळे कितीतरी जण आगगाडीत बसू शकले, कामावर जाऊ शकले, घरच्यांसमोर येऊ शकले. त्यांना दिखाऊ म्हणण्याचा अधिकार धडधाकट चेहऱ्याच्या कुणालाही नाही. पण मुखवट्याला मर्यादा होत्या. तो हसत नाही. तो चावत नाही. माणूस म्हातारा होतो, मुखवटा पंचविशीतच राहतो. रंगाचे टवके उडतात, पत्रा चेपतो. काही वर्षांत बरेच मुखवटे वापरण्याजोगे राहिले नाहीत. शिवाय समोरच्याची नजर चेहऱ्याला चालवून घेईल, असं मुखवट्यानं कधीच म्हटलं नाही. तो नजरेला शरण गेला होता.

दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच नातेवाईक आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी हा विचार उलटा केला. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात ईस्ट ग्रिनस्टेड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये भाजलेले वैमानिक येत. विमानाच्या पेट्रोलचा भडका उडाला की काही सेकंदांत चेहरा आणि हात जात. विशी-पंचविशीतली ही पोरं. एकेकाच्या पुढे शस्त्रक्रियांची रांग, कधी दहा, कधी वीस, कधी त्याहून जास्त.

मॅकिंडो यांनी चाकूइतकंच लक्ष बाकीच्या गोष्टींकडे दिलं. जखमी सैनिकांना रुग्णालयात ठराविक निळे कपडे घालावे लागत. ते त्यांनी काढून टाकले आणि पोरांना आपापले गणवेश घालायला दिले. वॉर्डात बिअरचं पिंप ठेवलं. आणि मग ते गावाकडे वळले. या मुलांना घरी जेवायला बोलवा, दुकानात आले तर डोळ्यांत पाहून बोला, असं त्यांनी गावकऱ्यांना समजावलं. गावानं मनावर घेतलं. अर्धवट शिवलेल्या चेहऱ्याची, गालावरून कातडीची नळी लोंबणारी मुलं सिनेमाला जाऊ लागली, पबमध्ये बसू लागली, नाचायला जाऊ लागली. पुढे 'टक लावून न पाहणारं गाव' अशीच ईस्ट ग्रिनस्टेडची ख्याती झाली.

१९४१ मध्ये या रुग्णांनी स्वतःचा क्लब काढला आणि नाव ठेवलं 'गिनी पिग क्लब', म्हणजे प्रयोगाचे उंदीर! खजिनदार म्हणून पाय भाजलेला सदस्य निवडला, म्हणजे पैसे घेऊन पळता येणार नाही. चिटणीस म्हणून बोटं भाजलेला, म्हणजे लांबलचक इतिवृत्त लिहिणार नाही. युद्ध संपेपर्यंत सदस्य ६४९ झाले होते. फौजी विनोद कसा असतो हे माहीत असणाऱ्याला या निवडींतली ताकद लगेच कळेल. स्वतःच्या जखमेवर पहिला विनोद आपणच केला की दुसऱ्याच्या नजरेची धार बोथट होते.

सिडकपला बाकं रंगवली होती, ईस्ट ग्रिनस्टेडला नजर बदलली. दोन्हीकडची जखम तेवढीच भयंकर होती.

इथवर ऐकून मेकअपविरोधी पक्षाला आपण जिंकलो असं वाटत असेल. त्यांनी जरा थांबावं. आता एप्रिल १९४५ मध्ये, जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छळछावणीत जाऊ. १५ एप्रिलला ब्रिटिश फौज तिथे पोचली तेव्हा सुमारे ६०,००० कैदी होते आणि हजारो प्रेतं उघड्यावर पडलेली होती. टायफसची साथ, उपासमार आणि घाण. सुटका झाल्यावरही हजारो माणसं मरतच राहिली. तिथे काम करणाऱ्या फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल मर्विन गोनिन. त्यांनी लिहून ठेवलेली हकिगत लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जपलेली आहे.

गोनिन सांगतात की औषधं, अन्न, कपडे अशा शेकडो वस्तूंची टंचाई असताना एक दिवस तिथे लिपस्टिकचा मोठा साठा येऊन पडला. ती कुणी मागवली हे त्यांना कधी कळलं नाही. कोणत्याही कमांडिंग ऑफिसरला अशा वेळी काय वाटेल, हे मी सांगू शकतो. मागितले होते अंथरूण-पांघरूण, आणि आलं हे! पण पुढे जे घडलं त्यानं गोनिन यांचं मत साफ बदललं. अंगावर धड कपडा नसलेल्या, चादर गुंडाळून पडलेल्या बायकांचे ओठ लालभडक रंगलेले होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर आलेल्या एका मृत स्त्रीच्या मुठीत लिपस्टिक होती. या बायका कित्येक महिने, कित्येक वर्षं नुसता एक क्रमांक होत्या. त्या लाल रंगानं त्या पुन्हा कुणीतरी झाल्या, आपण कसे दिसतो याचा विचार करू लागल्या, असं गोनिन यांनी नोंदवलं आहे.

याच छळछावण्यांच्या इतिहासात लाल रंगाची दुसरी गोष्टही आहे. ऑशविट्झमध्ये 'निवड' होत असे. जे अशक्त दिसतील ते मरणाकडे, जे कामाला चालतील ते बराकीकडे. वाचलेल्या अनेक स्त्रियांनी सांगितलं आहे की निवडीच्या आधी त्या गाल चिमटून, कधी स्वतःच्या रक्ताचा थेंब गालावर चोळून चेहऱ्यावर लाली आणत. तोही रंगच होता. पण तो पाहणाऱ्याच्या दहशतीनं लावलेला होता. बेल्सनमधली लिपस्टिक पाहायला कुणी परीक्षक नव्हता. मरणाच्या दारातल्या बाईनं ती स्वतःच्या मर्जीनं लावली होती. फरक आहे तो इथे.

शेवटी आपल्या देशात येऊ. २००५ मध्ये दिल्लीत लक्ष्मी अगरवाल या पंधरा वर्षांच्या मुलीवर अ‍ॅसिड फेकलं गेलं. तिनं सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि जुलै २०१३ मध्ये न्यायालयानं अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात अ‍ॅसिडहल्ला हा स्वतंत्र गुन्हा झाला. अ‍ॅसिड फेकणाऱ्याचा हेतू टिपूच्या काळातल्या शिक्षेसारखाच असतो: जीव घ्यायचा नाही, तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आग्र्याला ताजमहालापासून जवळच 'शीरोज हँगआउट' नावाचं कॅफे सुरू झालं. ते चालवतात अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया. ओढणीनं तोंड न झाकता त्या समोर येऊन ऑर्डर घेतात. ताज पाहायला येणारा माणूस त्यांच्या हातचा चहा पितो, दोन शब्द बोलतो आणि बाहेर पडतो तेव्हा त्याची नजर थोडी बदललेली असते. ईस्ट ग्रिनस्टेडच्या गावकऱ्यांनी केलं तेच इथे रोज थोडं थोडं घडतं.

तेव्हा मंडळी, लिपस्टिक लावणारी मुलगी कच्च्या मनाची आणि न लावणारी पक्क्या मनाची, असा हिशेब इतिहासात बसत नाही. घरातली मुलगी आरशासमोर उभी असेल तर तिच्या डबीतल्या रंगाकडे पाहू नका. ती कुणाच्या धाकानं उभी आहे की स्वतःच्या हौसेनं, एवढं पाहा. धाक असेल, "अशीच बाहेर जाणार का?" हे वाक्य तिच्या कानात असेल, तर ते वाक्य कुणी उच्चारलं याचा शोध घ्या. बहुतेक वेळा तो घरातच लागेल. रंगवायला हवं होतं ते बाक की बदलायला हवी होती ती नजर, हा प्रश्न सिडकपच्या रस्त्यावर संपला नाही. तो आपल्या दिवाणखान्यातही आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.