देणगी-फसवणुकीचे दावे, स्वयंसेवी संस्थांवरील (अमेरिका)

सार्वजनिक प्रश्नावर लोकमत घडवणाऱ्या ना-नफा संस्थेने किंवा तिच्यासाठी निधी जमवणाऱ्याने देणगीदारांना फसवले, या आरोपावरून सरकारने चालवलेले दावे. ते सिद्ध करणे अवघड असते, कारण अमेरिकेत देणगी मागण्यालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावाने जमा रकमेतील किमान ७५ टक्के धर्मादाय कामावर न खर्चणाऱ्या संस्थांना दारोदार निधी मागण्यास मनाई केली होती. एका पर्यावरणवादी संस्थेने आव्हान दिल्यावर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. अशा संस्थेचा कार्यकर्ता दारात उभा राहून माहिती देतो, मत पटवतो आणि त्याच दमात वर्गणीही मागतो. त्याचा पगार हा प्रचारकार्याचाच खर्च असतो. म्हणून केवळ खर्चाच्या टक्केवारीवरून लबाडी ठरवता येत नाही.

यामुळे लुबाडणाऱ्यांना मोकळे रान मिळते, हा आक्षेप रास्त वाटतो; पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या मॅडिगन निकालाने त्याला उत्तर दिले आहे. इलिनॉयमधील टेलिमार्केटिंग कंपन्यांनी व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांच्या संस्थेसाठी सुमारे ७१ लाख डॉलर जमवले आणि करारानुसार ८५ टक्के स्वतःकडे ठेवले. एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र ९० टक्के किंवा अधिक रक्कम सैनिकांना मिळते असे देणगीदारांना सांगितल्याचा आरोप होता. त्यावर दावा चालू शकतो, असा एकमताने निर्वाळा दिला. विधान खोटे व महत्त्वाच्या बाबीविषयी होते, ते जाणूनबुजून, दिशाभूल करण्याच्या हेतूने केले आणि देणगीदार त्याला फसला, हे सरकारने स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने दाखवावे लागते.

ही कसोटी फार कडक आहे, असेही म्हटले जाते. पण लोकमत घडवणाऱ्या संस्था अनेकदा सरकारलाच अडचणीत आणतात. कसोटी सैल केली तर नावडत्या संस्थेचे तोंड बंद करणे सोपे होईल. हा धोका एका वेगळ्या प्रकारच्या दाव्यातही दिसला : न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२० मध्ये बंदूकधारकांची संघटना नॅशनल रायफल असोसिएशन विसर्जित करण्याची मागणी केली. त्या दाव्याचा भर देणगीदारांच्या दिशाभुलीपेक्षा निधीच्या गैरवापरावर होता. न्यूयॉर्कमधील न्यायालयाने २०२२ मध्ये विसर्जनाची मागणी फेटाळली, पण पदाधिकाऱ्यांवरील आरोप चालू ठेवले. २०२४ मध्ये ज्युरीने संघटनेच्या माजी प्रमुखाला गैरवापरासाठी जबाबदार धरले. गैरवापर करणाऱ्याला जबाबदार धरताना सदस्यांचा आवाज शाबूत राहिला. फसवणुकीच्या आरोपातही सरकारी वकिलाने हाच संयम पाळावा : देणगीदाराला नेमके काय सांगितले गेले हे आधी सिद्ध करावे, मगच संस्थेवर बोट ठेवावे.