झिलईची निवड

कुंभारकामास नव्यानेच हात घालणारा हौशी मनुष्य चाकावरून पहिली चार वेडीवाकडी भांडी उतरवून झाली, की सर्वप्रथम जो प्रश्न विचारतो तो हा, की यांना कोणत्या रंगाची झिलई द्यावी. आणि हा प्रश्न त्याला जितका स्वाभाविक वाटतो, तितकाच तो या धंद्याच्या इतिहासात अर्वाचीन आहे. पिढीजात कारखान्यात वाढलेल्या मुलापुढे निवडीचा प्रसंग सहसा येतच नसे. गारगोटी कोठली आणावी, खार कशाच्या राखेचा घ्यावा, भट्टी किती प्रहर पेटती ठेवावी, हे सारे वाडवडिलांनी ठरवून ठेवलेले असे, आणि झिलई ही वतनासारखी वारशाने त्याच्या पदरात पडत असे.

आपल्या देशावरच्या कुंभाराने तर झिलईचा नाद फारसा केलाच नाही, आणि हे त्याच्या अज्ञानाचे लक्षण मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. ज्या रांजणातून पाणी किंचित झिरपते म्हणूनच ते गार होते, त्या रांजणावर काचेचे कवच चढवणे म्हणजे त्याचा गुणच मारणे होय. शिवाय गोवऱ्या, काटक्या आणि पाचट यांवर पेटणाऱ्या उघड्या आव्यात ज्वाला आणि राख भांड्यांच्या अंगावरूनच खेळतात. मडके त्यात उत्तम भाजते, परंतु झिलईला लागणारी स्वच्छ, सर्वत्र सारखी आणि हळूहळू चढणारी आच तेथे मिळत नाही.

झिलईची विद्या मुंबई इलाख्यात जोपासली गेली ती सिंधमध्ये. 1847 पासून 1936 पर्यंत सिंध प्रांत मुंबई सरकारच्या अंमलाखाली होता, त्यामुळे हाला आणि ठठ्ठा येथील निळी-पांढरी कौले व भांडी ही कागदोपत्री तरी आपल्याच इलाख्याची संपत्ती होती. ठठ्ठ्याची शाहजहानी मशीद सतराव्या शतकाच्या मध्यास उभी राहिली आणि तिच्यावरील कौलकाम आजही पाहणाऱ्यास थक्क करते. तांबूस मातीच्या भांड्यावर प्रथम पांढऱ्या मातीचे अस्तर द्यावयाचे, त्यावर रंगांनी वेलबुट्टी काढावयाची आणि सर्वांवर पारदर्शक झिलई घालून बंद भट्टीत भाजावयाचे, असा तिकडचा क्रम.

या झिलयांची दोन कुळे होती, एक खाराचे आणि एक शिशाचे. आणि रंग हा रंगद्रव्यावर अवलंबून असतो अशी जी नवशिक्याची समजूत असते, तिला पहिला धक्का येथेच बसतो. तेच तांबे सज्जीखाराच्या झिलईत आकाशासारखे निळे उतरते, मुर्दाडशिंगाच्या झिलईत पोपटी हिरवे होते, आणि भट्टीत हवा कोंडून धूर केला तर रक्तासारखे लाल होऊ शकते. कोबाल्ट मात्र स्वभावाने सरळ. कोणत्याही कुळात तो बहुधा निळाच राहतो, आणि नवशिक्याने त्याच्यापासून आरंभ करावा हे माझे मत त्यावरूनच बनलेले आहे. खाराच्या झिलईत दुसरी एक खोड असते. निवताना ती खालच्या मातीपेक्षा अधिक आकसते, आणि मग तिच्यावर केसासारख्या बारीक तडांचे जाळे उमटते. गारगोटीच्या पुडीने भरलेले पांढरे अस्तर ही नुसती शोभा नव्हती. माती आणि काच यांच्यातील तो तंटा मिटवणारा तो मध्यस्थ होता.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, आणि 1870 नंतरच्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी या तेथील शिक्षकाने सिंधी कुंभारांची पद्धत शाळेत आणून मातीकामाचा कारखाना चालवला. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. म्हणून सिंधच्या वेलबुट्टीबरोबरच अजिंठ्याच्या आकृतीही घटांवर अवतरल्या. या मिश्रणाची हौस युरोपातील प्रदर्शनांना भारी होती. मला ते नेहमीच थोडे अवघडलेले वाटते. परंतु कलेच्या बऱ्यावाइटापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की येथे कुंभाराच्या कुळात न जन्मलेला विद्यार्थी प्रथमच अनेक झिलयांपुढे उभा राहिला आणि त्याला निवड करावी लागली. निवड आली तेव्हा कारणे सांगणे आले, आणि कारणे सांगावयाची तर मोजमाप आले. सर जॉर्ज क्लार्क गव्हर्नर असताना, 1910 च्या सुमारास, याच शाळेला कारागिरीच्या शास्त्रीय अभ्यासासाठी प्रयोगशाळा मिळाली आणि तिच्यात मातीकामाला अग्रस्थान लाभले, ते याच क्रमाने.

आचेचे मोजमाप ही तर सर्वांत कठीण बाब. जुना उस्ताद ज्वाळेचा रंग पाहून, किंवा भट्टीच्या भोकातून नमुन्याचा तुकडा ओढून काढून निर्णय करी. नवशिक्याला ती नजर येण्यास आयुष्य लागे. जोसाया वेजवुडने 1782 साली मातीच्या वड्या आचेने किती आकसतात त्यावरून उष्णता मोजण्याची युक्ती लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. पुढे 1886 मध्ये बर्लिन येथे हर्मान सेगरने झिलईच्याच द्रव्यांचे लहान सुळके घडवले, जे ठराविक आचेस माना टाकतात. उष्णतामापक यंत्र भट्टीतील क्षणाची उष्णता सांगते. सुळका मात्र किती वेळ किती आच लागली त्या सर्वांचा हिशेब एकत्र देतो, कारण झिलईला जे सोसावे लागते तेच त्यालाही सोसावे लागते. आज तयार झिलईच्या डब्यावर जो सुळक्याचा आकडा छापलेला असतो, तो रंगाच्या नावाआधी वाचावा, आणि आपली माती व आपली भट्टी त्या आकड्यापर्यंत पोचते की नाही हे पाहून मगच पैसे मोजावेत.