आकाशांतील रापण

आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असतां ज्यानें पाहिली असेल, त्यास सहकार्य या शब्दाचा अर्थ कोशांत शोधावा लागत नाहीं. होडी समुद्रांत अर्धवर्तुळाकार जाळें टाकून येते. दोन्हीं टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा तें ओढतात, आणि जोर केव्हां लावावा हें प्रत्येक रांग दुसरीकडे पाहून जाणते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें उपग्रहांच्या समुदायांस हीच विद्या शिकविण्याचा उद्योग गेलीं सुमारें २५ वर्षें चालू आहे.

प्रारंभीं उपग्रह हा केवळ हुकमाचा ताबेदार होता. १९९८ सालीं सेवेंत आलेल्या इरिडियमच्या ६६ उपग्रहांनीं शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे संभाषण पोंचविलें. विचार मात्र जमिनीवरील माणसाचाच होता. मे १९९९ मध्यें ‘डीप स्पेस १’ या यानाचा कारभार संगणकाच्या प्रणालीनें कांहीं काळ स्वतः पाहिला. २०२३ सालीं नासानें सोडलेल्या स्टारलिंग नांवाच्या चार लहान उपग्रहांनीं तर कोणीं काय न्याहाळावें हें आपसांतच ठरविलें. १६ जानेवारी २०२५ रोजीं आपल्या इस्रोचे दोन उपग्रह कक्षेंत एकमेकांस जोडले गेले.

हा इतिहास अभिमानास्पद खरा. परंतु त्यास दुसरी बाजू आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजीं त्याच इरिडियमचा एक उपग्रह निकामी झालेल्या रशियन कॉस्मॉसवर आदळला, आणि २००० हून अधिक तुकडे अंतराळांत विखुरले. २ सप्टेंबर २०१९ रोजीं युरोपच्या इऑलस उपग्रहास अमेरिकेंतील एका खासगी कंपनीच्या स्टारलिंक उपग्रहाची वाट सोडून बाजूस व्हावें लागलें. धोका वाढल्याची वार्ता त्या कंपनीच्या चालकांस, निरोपाच्या यंत्रणेंतील दोषामुळें, पोंचलीच नव्हती. एका प्रसंगीं समोरचा मृत होता, दुसऱ्या प्रसंगीं मुका. आपल्या जाळ्यापुरतें शहाणपण दोन्हीं वेळां अपुरें पडलें.

रापणीचीहि कथा निराळी नाहीं. आंतल्या आंत तिचा मेळ अभंग. पण यांत्रिक पर्ससीन नौका समोर आल्या तेव्हां तो मेळ कामास आला नाहीं, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं महाराष्ट्र सरकारला निर्बंधाचा हुकूम काढावा लागला. समुद्रावर कोणत्या जहाजानें कोणास वाट द्यावी याचे १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. अंतराळाविषयींचा १९६७ सालचा करार इतरांच्या हिताची जाणीव ठेवावयास सांगतो. वाट कोणीं द्यावी, हें सांगत नाहीं.

यंत्रांस परस्परांशीं बोलावयास आपण शिकवीत आहोंत. कोणत्या नियमानें बोलावें, हें मात्र राष्ट्रांनीं आधीं आपसांत ठरविलें पाहिजे. तोंवर प्रत्येकाची रापण आपल्यापुरतीच शहाणी राहील.