छापील चित्र, घरची खळ

नाताळच्या शुभेच्छापत्रांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. पूर्वी माणसं घरी बसून, मन लावून, हातानं कार्डं करायची. मग कारखाने आले आणि सगळा बाजार झाला. ऐकायला छान वाटते. इंग्लंडमध्ये घडलं मात्र जवळजवळ उलटं. तिथं हे कार्ड आधी दुकानात आलं आणि घराघरांत शिरलं ते त्यानंतर.

१८४३ सालचा डिसेंबर. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही नाताळकथा याच महिन्यात बाहेर पडली. लंडनमधल्या हेन्री कोल या उद्योगी सरकारी अधिकाऱ्याला नाताळची पत्रं लिहीत बसायला सवड नव्हती. एका पेनीत देशभर कुठंही पत्र पोचवणारी टपालव्यवस्था १८४० मध्ये सुरू झाली, तिच्या उभारणीत त्याचा हात होता. म्हणजे पत्रांचा हा ढीग काही अंशी त्यानंच ओढवून घेतला होता म्हणायचा. त्यानं जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं. मधोमध पेले उंचावणारं तीन पिढ्यांचं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. चित्रातलं एक लहान मूलही वाइन पितंय, हे पाहून दारूबंदीवाले खवळले.

रेषा शिळाछापावर छापल्या आणि रंग प्रत्येक प्रतीवर हातानं भरले. कोलनं स्वतः पाठवून उरलेली कार्डं विकायला ठेवली, किंमत एक शिलिंग. शिलिंग म्हणजे बारा पेनी. टपालाला एक पेनी आणि कार्डाला बारा! सामान्य घराला हे कसं परवडावं? पण कल्पना आवडली होती, मग लोकांनी कार्डं घरीच करायला घेतली. मुलांना डिसेंबरात हे काम लावून देण्याची रीत पडली. राणी व्हिक्टोरियाची मुलंही त्यातून सुटली नाहीत. घरगुती कार्डाच्या मुळाशी हौस होतीच, पण खिशाचा हिशेबही होता.

पुढं छपाई स्वस्त झाली. १८७० मध्ये पोस्टकार्डं आणि उघडी पाकिटं अर्ध्या पेनीत जाऊ लागली, आणि एकट्या १८८० साली १ कोटी १५ लाख कार्डं तयार झाल्याचा आकडा सांगितला जातो. मग घरचं काम थांबलं का? मुळीच नाही. त्याचं सामान तेवढं बदललं.

जर्मनीतून ‘स्क्रॅप’ नावाची चित्रं येत. फुलं, देवदूत, रॉबिन पक्षी, गुबगुबीत गालांची मुलं. एकावर एक दगडांचे रंगीत ठसे देऊन ती छापायची, वर चकाकी चढवायची, मग साच्यात दाबून उठाव आणायचा आणि कडा कातरून घ्यायच्या. ताव हातात येई तेव्हा सगळी चित्रं कागदाच्या बारीक पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत. घरात कात्रीनं त्या पट्ट्या तोडायच्या, पिठाची खळ लावायची आणि जाळीदार कागदावर चित्र बसवायचं. जोडीला एखादं वाळवलेलं पान किंवा नेचा. आई-मुलींच्या अशा कितीतरी संध्याकाळी चिकटवह्यांतही जमा झाल्या. या कार्डाला हातचं म्हणायचं की छापील? करणारणींना हा प्रश्न पडला असेल, असं वाटत नाही.

आपल्याकडेही हे घडलंच. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या मदतीनं. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, आणि कित्येक घरांत छापील पदरावर खरी जर टाकली गेली, टिकल्या-मोती शिवले गेले. विकत आणलेल्या चित्राला आपला हात लागल्याशिवाय ते आपलं होत नाही, ही ओढ लंडनमध्ये होती तशी गिरगावातही.

पहिल्या महायुद्धात तर पारडं पार फिरलं. फ्रान्स-बेल्जियममधल्या बाया घरी आणि निर्वासितांच्या छावण्यांत रेशमी जाळीच्या लांब पट्टीवर एकच नक्षी ओळीनं पुन्हापुन्हा भरत. पट्टी कारखान्यात गेली की तिचे तुकडे पाडून ते पुठ्ठ्यावर चढवत. काही कार्डांना छोटा खिसा असे आणि त्यात आणखी एक इवलं कार्ड. आघाडीवरचे ब्रिटिश सैनिक ती विकत घेऊन आईला, बायकोला पाठवत. युद्धकाळात अशी सुमारे एक कोटी कार्डं भरली गेली असावीत, असा अंदाज आहे. प्रत्येक टाका हाताचा, पण हौसेचा नव्हे. ती रोजी होती. ‘हस्तनिर्मित’ शब्दाभोवती आज जो गोडवा जमलाय, त्यात या बाया सहसा आठवत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं एक कार्ड मात्र पुष्कळांना आठवतं. चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावाला युनिसेफची मदत मिळाली होती. तिथल्या सात वर्षांच्या मुलीनं आभार मानायला चित्र काढलं: खांबाभोवती फेर धरलेली मुलं. कागद मिळेना म्हणून तिनं ते काचेवर रंगवलं. १९४९ मध्ये युनिसेफनं तेच चित्र छापून आपलं पहिलं शुभेच्छापत्र काढलं, आणि मुलांसाठी पैसा उभा करायची त्या संस्थेची कार्डविक्री तिथून सुरू झाली.